मोडेमपासून फायबरपर्यंत : इंटरनेटचा वेग मोजायचा आणि बदलून पाहायचा कसा?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना आम्हा संगणकवाल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आमच्याकडे पाचशे एमबीपीएसचं कनेक्शन आहे, मग फाइल सेकंदाला पाचशे एमबीने का येत नाही?" दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. "इतके पैसे भरूनसुद्धा आईबाबांशी बोलताना चित्र का अडकतं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे साध्या अंकगणितात आहेत. चौथीतला गुणाकार-भागाकार पुरतो. ते गणित, जुन्या ३०० बीपीएसच्या मोडेमपासून आजच्या गिगाबिट फायबरपर्यंतचा तक्ता आणि काही सोडवलेली उदाहरणे असे सगळे एका ठिकाणी असावे म्हणून हा लेख. फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखा एक नियमही यात आहे.

१. बिट आणि बाइट : सगळा घोळ इथेच

संगणकाची सर्वात लहान माहिती म्हणजे बिट. शून्य किंवा एक, दिवा बंद किंवा चालू. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजीतले एक अक्षर साठवायला एक बाइट लागतो. आपले देवनागरी अक्षर युनिकोडच्या सध्याच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा-वेलांटीचे आणखी तीन तीन. म्हणजे "की" लिहायला सहा बाइट!

आता महत्त्वाची गोष्ट. वेग नेहमी बिटमध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार नेहमी बाइटमध्ये. ही पद्धत तारायंत्र आणि टेलिफोनच्या जमान्यापासूनची आहे. तारेवरून एका वेळी एकच बिट जातो, म्हणून तारवाले बिट मोजत. संगणकाच्या स्मृतीत माहिती आठ-आठच्या गठ्ठ्यांनी राहते, म्हणून संगणकवाले बाइट मोजत. दोघेही आपापल्या जागी बरोबर, गोंधळ मात्र गिऱ्हाइकाचा!

इंग्रजी संक्षेपात छोटा 'बी' असेल तर बिट आणि मोठा 'बी' असेल तर बाइट. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यामागे छोटा बी असतो. फाइल उतरवताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यामागे बहुधा मोठा बी असतो. म्हणून १०० मेगाबिटच्या कनेक्शनवर पडद्यावर सेकंदाला ११-१२ मेगाबाइट दिसले, तर कंपनीने फसवलेले नाही. ते आठाने भागल्यावर येणारे उत्तरच आहे.

२. किलो म्हणजे हजार की एक हजार चोवीस?

वेगाच्या बाबतीत किलो म्हणजे नेहमी १,०००, मेगा म्हणजे १०,००,००० (दहा लाख) आणि गिगा म्हणजे १,००,००,००,००० (शंभर कोटी). ५६ के मोडेम म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट. यात कुठेही १०२४ येत नाही.

फाइलच्या आकाराच्या बाबतीत मात्र दोन पद्धती आहेत. हार्ड डिस्क विकणारे हजाराने मोजतात, तर विंडोज १०२४ ने मोजते. त्यामुळे खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. मेगाबाइटच्या पातळीवर हा फरक जवळपास ५ टक्के, गिगाबाइटला ७ टक्के आणि टेराबाइटला १० टक्के पडतो. घरगुती हिशोबाला हजार धरला तरी चालते, कारण पुढे येणारा आपला नियम मुळातच थोडा हात राखून आहे.

३. नियम : दहाने भागा

शास्त्रशुद्ध उत्तर हवे असेल तर बिटला आठाने भागायचे. व्यवहारातले उत्तर हवे असेल तर दहाने भागा. वेग मेगाबिटमध्ये असेल तर एक शून्य उडवा, की सेकंदाला किती मेगाबाइट हाती पडतील ते कळते. १०० मेगाबिट म्हणजे १० मेगाबाइट. एक गिगाबिट म्हणजे १०० मेगाबाइट. ५६ किलोबिट म्हणजे ५.६ किलोबाइट.

गंमत अशी की हा नियम मोडेमच्या काळातही लागू होता आणि फायबरच्या काळातही आहे, फक्त कारणे वेगळी आहेत.

जुन्या मोडेममध्ये प्रत्येक बाइटच्या पुढे एक 'सुरुवात' बिट आणि मागे एक 'शेवट' बिट लावला जाई, म्हणजे पलीकडच्याला अक्षर कुठे सुरू झाले ते कळावे. आठ अधिक दोन, झाले दहा. म्हणून २४०० बीपीएसचा मोडेम सेकंदाला बरोबर २४० अक्षरे पाठवी. पुढे चुका दुरुस्त करणारे व्ही.४२ हे मानक आल्यावर टेलिफोनच्या तारेवरून जाताना हे दोन बिट वगळता येऊ लागले. पण लाइनीवरची खरखर आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागणारे तुकडे यात ती बचत बरीचशी खर्च होई.

आजच्या जाळ्यात माहिती १५०० बाइटच्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा असे बरेच काही लिहावे लागते. तारेवरून १५३८ बाइटइतकी जागा खर्च होते, तेव्हा त्यातले १४६० बाइट आपल्या कामाचे असतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. उरलेली गळती वायफाय आणि वाटेतली गर्दी करते. म्हणून दहाने भागून आलेला आकडा मनात धरावा. त्याहून जास्त मिळाले तर आनंद, कमी मिळाले तर चौकशी करावी.

४. बॉड म्हणजे बीपीएस नव्हे

माळ्यावर जुना मोडेम सापडला आणि त्यावर 'बॉड' हा शब्द दिसला तर जपून. फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून हे एकक आले. तारेवरचा इशारा सेकंदाला किती वेळा बदलतो ते बॉड सांगतो. एका बदलात एकच बिट असेल तर बॉड आणि बीपीएस सारखे. सुरुवातीच्या ३०० बीपीएसच्या मोडेममध्ये तसेच होते, म्हणून लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू लागले.

पुढे इंजिनिअरांनी एका बदलात अनेक बिट कोंबायला सुरुवात केली. २४०० बीपीएसचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडवर चाले, कारण प्रत्येक बदलात चार बिट असत. ९६०० बीपीएसचा मोडेम २४०० बॉडवर चाले. तेव्हा रूपांतर करताना : बीपीएस = बॉड × प्रत्येक बदलातले बिट.

आणखी एक जुना सापळा. विंडोज ९५ च्या काळात कनेक्शन जुळल्यावर कधी कधी "१,१५,२००" असा आकडा दिसे आणि माणूस खूष होई. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर वायरीचा वेग असे, टेलिफोन लाइनीचा नव्हे!

५. मोडेम ५६ के वर का थांबला?

टेलिफोन माणसाच्या आवाजासाठी बनवलेला. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच कंपनसंख्या त्यातून धड जाते. एवढ्या चिंचोळ्या वाटेतून किती माहिती जाऊ शकते याचे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडले. चांगल्या टेलिफोन लाइनीसाठी त्याचे उत्तर सुमारे ३५ हजार बिट येते. त्यामुळे ३३.६ के चा मोडेम आला तेव्हा लोकांना वाटले, संपले, आता पुढे काही नाही.

मग १९९८ च्या व्ही.९० मानकाने ५६ के कुठून आणले? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटचा असतो. ८,००० × ८ = ६४,०००. इंटरनेट कंपनीचे टोक थेट या अंकी जाळ्याला जोडले, तर कंपनीकडून आपल्याकडे येताना आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची एक पायरी वाचते. त्यातला एक बिट सुरक्षिततेसाठी सोडून ८,००० × ७ = ५६,०००. आपल्याकडून पाठवताना मात्र ती पायरी वाचत नसे, म्हणून अपलोड ३३.६ केच राहिले. अमेरिकेत तर लाइनीवरच्या विद्युतशक्तीच्या सरकारी मर्यादेमुळे डाउनलोडही ५३.३ के च्या वर जाऊ शकत नसे. घरोघरी प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहूनही कमी असायचा.

म्हणजे डाउनलोड जास्त आणि अपलोड कमी ही विषमता मोडेमच्या काळापासूनची आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले, तेव्हा घरगुती कनेक्शनचा वेग ९.६ के होता. डायल-अप आता जवळपास इतिहासजमा झाले आहे. अमेरिकेतल्या एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली.

६. फायबरने काय बदलले?

फायबर म्हणजे केसाएवढ्या जाडीची अतिशुद्ध काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर नेता येईल. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रुळवले ते पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी.

घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये जीपॉन हे तंत्र फार वापरले जाते. त्यात एका तारेवर डाउनलोडला २.४८८ गिगाबिट आणि अपलोडला १.२४४ गिगाबिट असतात, पण ती तार बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७८ मेगाबिट येतील. प्रत्यक्षात सगळे एकदम जोर लावत नाहीत, म्हणून शेजारीपाजारी सगळ्यांना एक गिगाबिटचे प्लॅन विकता येतात. बिल्डिंगच्या टाकीचे पाणीही याच भरवशावर चालते! यापुढच्या एक्सजीएस-पॉन तंत्रात दोन्ही बाजूंना १० गिगाबिट आहेत.

७. तक्ता : एक फोटो आणि एक सीडी

मोबाइलने काढलेला एक चांगला फोटो ५ मेगाबाइटचा आणि एक भरलेली सीडी ७०० मेगाबाइटची धरली आहे. सगळीकडे दहाचा नियम लावला आहे.

३०० बीपीएस (बेल १०३, १९६२) : फोटो ४६ तास, सीडी सुमारे २७० दिवस
२,४०० बीपीएस (व्ही.२२बिस, १९८४) : फोटो पावणेसहा तास, सीडी ३४ दिवस
१४.४ के (व्ही.३२बिस, १९९१) : फोटो ५८ मिनिटे, सीडी साडेपाच दिवस
२८.८ के (व्ही.३४, १९९४) : फोटो २९ मिनिटे, सीडी पावणेतीन दिवस
५६ के (व्ही.९०, १९९८) : फोटो १५ मिनिटे, सीडी ३५ तास
१२८ के (दोन वाहिन्यांचे आयएसडीएन) : फोटो साडेसहा मिनिटे; सीडी १५ तास
२५६ के (सुरुवातीचे ब्रॉडबँड) : फोटो सव्वातीन मिनिटे, सीडी साडेसात तास
२ मेगाबिट : फोटो २५ सेकंद, सीडी ५८ मिनिटे
२४ मेगाबिट (एडीएसएल२+ ची कमाल) : फोटो २ सेकंद, सीडी ५ मिनिटे
१०० मेगाबिट : फोटो अर्धा सेकंद, सीडी ७० सेकंद
१ गिगाबिट : फोटो डोळ्याचे पाते लवायच्या आत; सीडी ७ सेकंद

एका गिगाबिटमध्ये ५६ के चे सुमारे १८,००० मोडेम बसतात. छोट्या तालुक्याच्या गावातले सगळे टेलिफोन एका काचेच्या तारेत!

जाता जाता : 'ब्रॉडबँड' या शब्दाचा अर्थ काळाबरोबर आणि देशाबरोबर बदलतो. भारतात २००४ च्या धोरणात २५६ के ला ब्रॉडबँड म्हटले होते, २०१३ मध्ये ५१२ के झाले आणि २०२३ पासून किमान २ मेगाबिट. अमेरिकेत २०१५ मध्ये २५ मेगाबिट डाउनलोड व ३ अपलोड अशी व्याख्या होती, ती २०२४ मध्ये १०० व २० झाली. तेव्हा कुणी नुसते "आमच्याकडे ब्रॉडबँड आहे" म्हटले तर कुठल्या देशात आणि कुठल्या साली, हे विचारायला हवे.

८. सोडवलेली उदाहरणे

पद्धत एकच. (अ) फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये काढा. (आ) ज्या दिशेने पाठवायचे त्या दिशेचा वेग मेगाबिटमध्ये घ्या. (इ) वेगाला दहाने भागा. (ई) आकाराला त्या उत्तराने भागा. हाती आले ते सेकंद. साठाने भागले की मिनिटे.

उदाहरण पहिले : बाबांचा सीटी स्कॅन. हे गणित आम्ही मुद्दाम पहिले ठेवले आहे, कारण परदेशी राहणाऱ्या कुठल्याही घरावर ही वेळ येऊ शकते. नाशिकला बाबांचा स्कॅन झाला आहे आणि इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना तो दाखवायचा आहे. स्कॅनचे एक चित्र ५१२ × ५१२ ठिपक्यांचे आणि प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. अशी ६०० चित्रे असतील तर ३०० मेगाबाइट.

तिकडचे अपलोड १ मेगाबिट असेल तर ३०० ÷ ०.१ = ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे. १० मेगाबिट असेल तर ५ मिनिटे. १०० मेगाबिटचे फायबर असेल तर अर्धे मिनिट. आपल्याकडचा गिगाबिटचा प्लॅन या गणितात कुठेच येत नाही, कारण पाठवणारे टोक तिकडे आहे. मोबाइलची रेंज जेमतेम असलेल्या घरातून दादा तासभर झगडत बसण्यापेक्षा, सीडी घेऊन फायबर असलेल्या शेजाऱ्यांकडे गेला तर काम लवकर होईल. हे त्या रात्री सुचायला हवे, म्हणून आजच कुणाकडे फायबर आहे ते विचारून ठेवावे.

आणि एक सूचना. काळ्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर आणखी दाबला जातो व बारकावे जातात. सीडीवरचा पूर्ण फोल्डर झिप करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते.

उदाहरण दुसरे : मुंजीच्या कॅसेट. मिनी-डीव्ही कॅसेटचा एक तास संगणकावर उतरवला की सुमारे १३ जीबी होतो. तीन कॅसेट म्हणजे ३९ जीबी, अर्थात ३९,००० मेगाबाइट. १० मेगाबिट अपलोडवर ३९,००० सेकंद, म्हणजे जवळपास ११ तास. रात्री झोपताना लावून ठेवा. ३०० मेगाबिट अपलोडवर मात्र २२ मिनिटे. ५६ के मोडेमच्या ३३.६ के अपलोडवर? साडेचार महिने. लाइन एकदाही न तुटता!

उदाहरण तिसरे : बॅगेतली हार्ड डिस्क. "कुणी पुण्याला जातंय का?" हा आपला सनातन प्रश्न. एक टेराबाइटची डिस्क कुणाच्या बॅगेत दिली आणि दारातून दारापर्यंत ३० तास लागले, तर १०,००,००,००,००,००० बाइट × ८ ÷ १,०८,००० सेकंद = सुमारे ७४ मेगाबिट. इथल्या १० मेगाबिट अपलोडवर तेच काम साडेअकरा दिवस चालेल. तेव्हा लाडवाच्या डब्याशेजारी ठेवलेली डिस्क अजूनही बऱ्याच कनेक्शनांना हरवते. फक्त तिची एक प्रत घरी ठेवूनच द्या.

९. सर्वात अरुंद दुवा

कुठलाही प्रवास त्यातल्या सर्वात अरुंद रस्त्याच्या वेगाने होतो. एक्स्प्रेस वे आठ पदरी असला तरी शेवटी गल्लीतच शिरायचे असते. आपल्या घरापासून आईबाबांच्या घरापर्यंतचे दुवे असे :

घरातले वायफाय. राउटरच्या खोक्यावर 'एसी १२००' असे लिहिलेले असते, ते दोन वेगवेगळ्या लहरींवरचे ३०० आणि ८६७ यांची गोळाबेरीज करून. एक मोबाइल एका वेळी एकच लहर वापरतो, आणि प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याच्याही निम्म्याच्या आसपास असतो. दोन भिंतींपलीकडे आणखी घट.

आपले अपलोड. अमेरिकेत केबल कंपन्यांच्या अनेक प्लॅनमध्ये डाउनलोड मोठे आणि अपलोड त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. मोडेमच्या काळातली विषमता अजून गेलेली नाही. फायबरमध्ये दोन्ही बाजू अनेकदा सारख्या असतात. त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमधल्या फायबरचे अपलोड न्यू जर्सीतल्या बंगल्यापेक्षा जास्त असणे अजिबात अशक्य नाही!

समुद्राखालच्या तारा. इथून भारतात जाणारे जवळपास सगळे बोलणे समुद्रतळावरच्या फायबरमधून जाते आणि त्यातल्या महत्त्वाच्या तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या तारा तुटल्या, तेव्हा आखात आणि भारत दोन्हीकडचे इंटरनेट मंदावले. ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तसेच झाले. अशा दिवशी घरचा राउटर दहादा बंद-चालू करून काही उपयोग नाही.

पलीकडचे टोक. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला प्रत्येक दिशेने साधारण २ मेगाबिट लागतात. म्हणजे आपला चेहरा तिकडे दिसायला आपले अपलोड आणि त्यांचे डाउनलोड, त्यांचा चेहरा इथे दिसायला त्यांचे अपलोड आणि आपले डाउनलोड. आईबाबांचे चित्र अडकत असेल तर शोध त्यांच्या टोकापासून सुरू करावा. आपण ५०० चे १००० मेगाबिट केले तरी त्यांच्या बेडरूममध्ये न पोचणारे वायफाय सुधारत नाही.

१०. वेग वेगळा, विलंब वेगळा

रूपांतराच्या कुठल्याही तक्त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे विलंब. वेग म्हणजे नळातून किती पाणी येते ते, विलंब म्हणजे नळ उघडल्यावर पहिला थेंब किती वेळाने पडतो ते.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद (सेकंदाचा आठवा भाग). तारा सरळ रेषेत नसतात, वाटेत यंत्रे असतात, म्हणून प्रत्यक्षात २०० किंवा जास्त. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हा आकडा १२५ च्या खाली येणार नाही. तिथे निसर्गाचा नियम आहे.

तरी पूर्वीपेक्षा खूपच बरे आहे. आपल्या आधीच्या पिढीचे काही फोन उपग्रहामार्गे जात. पुणे जिल्ह्यातले आर्वीचे उपग्रह केंद्र १९७१ साली सुरू झाले. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, त्यात अर्धा सेकंद जाई. म्हणून दोघे एकदम बोलायला लागत आणि एकदम थांबत.

शिवाय नुसत्या आवाजाला वेग फारसा लागतच नाही. टेलिफोनच्या प्रतीचा आवाज ६४ किलोबिटमध्ये मावतो, आणि आधुनिक पद्धतीने दाबला तर त्याच्या निम्म्याहून कमीत. चित्र सतत अडकत असेल तेव्हा व्हिडिओ बंद करून नुसते बोलावे. आजीला आपले बोलणे नीट ऐकू येणे जास्त महत्त्वाचे.

११. प्लॅन घेण्यापूर्वी आणि तक्रार करण्यापूर्वी

१. आकड्यामागचा बी छोटा की मोठा ते पाहा. छोटा असेल तर दहाने भागा.
२. डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडा लेखी विचारा. जाहिरातीत तो बहुधा बारीक अक्षरात असतो.
३. घरातली गरज बेरजेने काढा. उच्च प्रतीचा टीव्ही (४ के) चालवायला १५ ते २५ मेगाबिट, व्हिडिओ कॉलला २ ते ४, नुसत्या वाचनाला १ सुद्धा पुरे. चौघांच्या घरात सगळे एकदम चालू असले तरी बेरीज १०० च्या पुढे क्वचितच जाते. मोठ्या फाइली रोज पाठवत नसाल तर गिगाबिट ही हौस आहे, गरज नव्हे.
४. वेग तपासताना लॅपटॉप वायरने राउटरला जोडून तपासा. वायरने पूर्ण वेग मिळाला आणि वायफायवर नाही, तर दोष घरात आहे, कंपनीचा नाही.
५. भारतात गेलात की हीच तपासणी आईबाबांच्या घरी करा. राउटर कपाटामागे किंवा टीव्हीच्या मागे असेल तर मोकळ्या जागी, ते जिथे बसून बोलतात त्या खोलीजवळ आणा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.
६. त्यांच्या घरचा अपलोड वेग, प्लॅनचे नाव आणि जवळच्या फायबरवाल्या शेजाऱ्यांचा फोन नंबर कागदावर लिहून इथे आणा.

बिटला दहाने भागणे एकदा हाताला बसले, की जाहिरातीतले मोठे आकडे आपोआप आपल्या मापात येतात. आणि पुढच्या खेपेला कॉल अडकला की इथला प्लॅन वाढवायचा की तिकडचा राउटर हलवायचा, हे पैसे भरण्याआधीच ठरवता येते. आमच्या अनुभवाने सांगतो, बहुतेक वेळा राउटरच हलवावा लागतो.